पस्तीसने भागलेला रणगाडा

आधी एक भागाकार करू. टी-७२ नावाचा एक रणगाडा आहे. मूळचा रशियन, पण आपल्या लष्करात तो 'अजेय' या नावाने ओळखला जातो आणि चेन्नईजवळ आवडी इथल्या कारखान्यात तो भारतातच तयार झाला. त्याची रुंदी ३.५९ मीटर, उंची सव्वादोन मीटरच्या आसपास आणि तोफेची नळी पुढे धरली तर लांबी साडेनऊ मीटर. या सगळ्याला ३५ ने भागा. रुंदी येते सव्वादहा सेंटीमीटर, उंची साडेसहाच्या आत आणि लांबी सत्तावीस सेंटीमीटर. तोफेच्या नळीचं तोंड १२५ मिलिमीटरचं, ते होतं साडेतीन मिलिमीटरचं. शेजारी पावणेसहा फुटी जवान उभा केला, तर त्याची उंची भरते बरोबर पाच सेंटीमीटर.

या मापाला म्हणतात १/३५, म्हणजे 'एकास पस्तीस'. जगभरात हजारो माणसं या मापाचे रणगाडे, लष्करी ट्रक आणि चिलखती गाड्या घरी बसून बनवतात. त्यात शाळकरी मुलं असतात, निवृत्त आजोबा असतात, इंजिनिअर आणि डॉक्टरही असतात. दुकानातून किट आणायचं, त्यातले शे-दोनशे तुकडे (कधीकधी हजाराच्या वर!) कापून, घासून, चिकटवून गाडी उभी करायची, मग रंगवायची आणि मग खरी मजा सुरू होते. ती गाडी राजस्थानच्या वाळूतून किंवा पंजाबच्या चिखलातून आत्ताच आली आहे असं वाटेपर्यंत तिच्यावर काम करत राहायचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? सगळं ३५ ने भागलं की झालं! पण निसर्ग आपला भागाकार पाळत नाही. रणगाडा लहान होतो, पण धूळ लहान होत नाही, पाण्याचा थेंब लहान होत नाही. कापड जाडच राहतं आणि वजन तर भलतंच कमी होतं. म्हणून मॉडेल बनवणाऱ्याला निसर्गाशी रोज नवी युक्ती खेळावी लागते. मला या छंदातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

त्याआधी एक प्रश्न. पस्तीसच का? तीस का नाही, पन्नास का नाही?

१/७२ हे दुसरं लोकप्रिय माप तर्काने समजतं. त्यात खऱ्या सहा फुटांचा मॉडेलमध्ये एक इंच होतो. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा! १/३५ ची गोष्ट मात्र निराळीच आहे. जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे. तिथे १९४६ मध्ये योशिओ तामिया यांनी लाकूड कापायची गिरणी काढली. पुढे तिथे लाकडाची मॉडेल्स बनायला लागली आणि मग प्लॅस्टिकची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या 'पँथर' या जर्मन रणगाड्याचं मॉडेल काढायचं ठरवलं. त्यात मोटर होती, ते चालणार होतं. मोटर म्हणजे बॅटरी आली. दोन जाडजूड सेल पोटात मावतील एवढा रणगाडा हवा, म्हणून तेवढा केला. तो खूप खपला. मग दुसऱ्या देशांचे रणगाडेही त्याच मापात करावेत असं ठरलं, तेव्हा शुनसाकुंनी पँथर मोजून पाहिला. तो खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला! आज जगातल्या कितीतरी कंपन्या ज्या मापात रणगाडे काढतात, ते माप दोन सेलच्या आकारावरून ठरलं आहे.

हे शुनसाकु मोठे चिकाटीचे गृहस्थ होते. एकदा मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून त्यांनी पोर्शे ९११ ही खरीखुरी मोटारगाडी विकत घेतली आणि आत काय काय आहे ते कळावं म्हणून ती सगळी खोलून सुटी केली!

आता वजनाकडे वळू. टी-७२ चं वजन ४१ टनांच्या आसपास, म्हणजे ४१,००० किलो. याला ३५ ने भागलं तर उत्तर येतं हजार किलोहून जास्त. टेबल मोडेल! पण खरं उत्तर हे नाही. समजा एखाद्या जादूगाराने खरा टी-७२ घेतला आणि तो तसाच्या तसा, त्याच पोलादाचा, आतल्या इंजिनासकट ३५ पट लहान केला. किती वजन होईल? लांबी ३५ पट कमी झाली, रुंदीही ३५ पट कमी झाली आणि उंचीही. म्हणजे आतला ऐवज ३५ × ३५ × ३५ पट कमी झाला. हा गुणाकार वहीत करून बघा. ४२,८७५ येतो. ४१,००० किलोंना ४२,८७५ ने भागा. किलोभरही वजन भरत नाही! डाव्या हातात रणगाडा धरून उजव्या हाताने जेवता येईल.

आणि आपलं मॉडेल तर पोलादाचं नसतंच. ते पोकळ, प्लॅस्टिकचं, त्याहूनही कितीतरी हलकं असतं.

या हलकेपणाचा घोटाळा दोन ठिकाणी होतो. पहिला चाकांच्या पट्ट्यात. रणगाड्याचा पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची साखळी. टी-७२ च्या एका बाजूला नव्वदहून जास्त कड्या असतात, खिळ्यांनी एकमेकींत अडकवलेल्या. खाली सहा मोठी चाकं आणि वरच्या बाजूला पट्टा उचलून धरायला तीन लहान चाकं. त्या लहान चाकांच्या मधल्या जागेत पट्टा स्वतःच्या वजनाने किंचित झोल खातो. टी-५५ या जुन्या रणगाड्याला तर ही वरची लहान चाकं नाहीतच, त्यामुळे त्याचा पट्टा थेट मोठ्या चाकांवर लोळलेला दिसतो. पुष्कळ किटमध्ये हा पट्टा मऊ प्लॅस्टिकच्या अखंड पट्टीचा असतो. तिला ना वजन, ना सुट्या कड्या. ती ताठ उभी राहते आणि सगळा रणगाडा खोटा दिसायला लागतो. मग युक्त्या सुरू होतात. कुणी पट्ट्याखाली न दिसणारा दोरा बांधून तो खाली ओढतो, कुणी गोंद लावून तो चाकाला दाबून धरतो, आणि ज्यांच्याकडे भरपूर सबुरी आहे ते एकेक कडी सुटी असलेला पट्टा विकत आणून जोडतात.

दुसरा घोटाळा जमिनीचा. खरा रणगाडा ओल्या मातीत उभा केला की पट्टे रुततात आणि मागे खोल चाकोरी उमटते. मॉडेल तुमच्या तयार केलेल्या मातीवर नुसतं ठेवलं तर ते तरंगल्यासारखं दिसतं, कारण ते रुतायला वजनच नाही. म्हणून माती (बहुतेक वेळा प्लॅस्टर किंवा लगदा) ओली असतानाच रणगाडा हाताने दाबून ठसा उमटवून घ्यायचा आणि मग सगळं वाळू द्यायचं. ४१ टनांचं काम अंगठ्याने करायचं!

आता जरा किटच्या डब्यात डोकावू. आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना सगळे भाग लटकलेले. या चौकटीला स्प्रू म्हणतात. कारखान्यात पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात भरतात. ज्या वाटांनी ते वितळलेलं प्लॅस्टिक भागांपर्यंत वाहत गेलं, त्या वाटा थिजून स्प्रू होतो. तो फेकू नका, शेवटी कामाला येणार आहे.

साचा दोन अर्ध्यांचा असतो. ते उघडले की भाग सुटून बाहेर यायला हवा. म्हणूनच किटमधल्या तोफेची नळी पुष्कळदा दोन उभ्या फाका करून दिलेली असते. त्या जोडल्या की मधे एक रेघ राहते. खऱ्या तोफेला अशी रेघ नसते, तेव्हा पॉलिश पेपरने घासून ती घालवायची. शिवाय आतल्या बाजूला लहान लहान गोल ठसे दिसतील. भाग साच्यातून ढकलून बाहेर काढणाऱ्या दांड्यांचे ते ठसे. जिथे ते दिसणार असतील तिथे पुट्टी भरून सपाट करायचे.

चिकटवण्याची गंमत तर वेगळीच आहे. कागदाला फेव्हिकॉल लावतो तेव्हा दोन कागदांच्या मधे गोंदाचा थर राहतो. प्लॅस्टिक मॉडेलचं सिमेंट चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक विरघळवतं. त्यात ॲसिटोनसारखी द्रव्यं असतात. पॉलिस्टायरीनचे रेणू म्हणजे खूप लांब साखळ्या. सिमेंट लागलं की दोन्ही भागांच्या पृष्ठभागावरच्या साखळ्या सैल होतात आणि एकमेकींत गुंततात. मग द्रव उडून जातो आणि उरतो तो एकच अखंड तुकडा. जोड असा राहतच नाही!

पातळ सिमेंट लावण्याची पद्धतही पाहण्यासारखी. दोन भाग कोरडेच एकत्र धरायचे आणि फटीच्या एका टोकाला कुंचल्याने थेंब टेकवायचा. तो थेंब फटीतून आपोआप सरसर पळत जातो. विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण वाचलं असेल, ते हेच. दिव्याच्या वातीत तेल चढतं तेही यामुळेच. फक्त हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मोठं माणूस जवळ असतानाच करा. सिमेंटचा वास छातीत साठवण्यासारखा नसतो आणि भाग कापायची सुरीही फार धारदार असते.

गाडी जोडून होते तेव्हा ती नवीकोरी, गुळगुळीत दिसते. खरा टी-७२ असा नसतो. त्याचा वरचा फिरणारा बुरूज, ज्याला टरेट म्हणतात, तो ओतीव पोलादाचा असतो. वाळूच्या साच्यात पोलाद ओतलं की पृष्ठभागावर वाळूचा खडबडीतपणा उतरतो. खालचा भाग मात्र सपाट जाड पत्रे जोडून केलेला असतो. तिथे पृष्ठभाग तुळतुळीत, पण जोडाजोडावर वेल्डिंगच्या उंचवट्याच्या रेघा असतात. आता हे मॉडेलवर कसं आणायचं? टरेटवर दाट प्रायमर लावून, तो ओला असताना ताठ केसांच्या ब्रशने टकटक टोचायचं. वेल्डिंगसाठी प्लॅस्टिकचा बारीक दोरा सांध्यात बसवायचा, त्यावर सिमेंट लावून तो मऊ करायचा आणि सुरीच्या पाठीने त्याला एकेक खाच पाडत जायची. हे काम करताना माझा वेळ कसा जातो ते मला कळत नाही. रणगाडा कसा बनला असेल, ते त्या खाचा पाडताना बोटांना कळत जातं.

टी-७२ वरच्या प्रत्येक वस्तूला कारण असतं. ते कारण शोधायचं वेड लागलं की समजा, तुम्ही मॉडेलवाले झालात. त्याच्या पाठीवर एक लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. एवढ्या पोलादी यंत्राला लाकूड कशाला? गाडी चिखलात अडकली आणि पट्टे नुसते गरागरा फिरायला लागले, की तो ओंडका पट्ट्यांना आडवा बांधतात. पट्टे फिरले की ओंडका खाली जातो आणि रणगाडा त्याच्यावर चढून बाहेर येतो. पाठीवर एक जाड नळीही असते. ती उभी बसवली की रणगाडा पाच मीटर खोल पाण्याखालून नदीच्या तळावरून चालत जाऊ शकतो. इंजिनाला आणि आतल्या तीन जवानांना हवा त्या नळीतून मिळते. मागे दोन पिंप दिसतात, ते जास्तीच्या डिझेलचे, प्रत्येकी २०० लिटरचे.

आणि तोफ! नळीच्या मधोमध एक फुगवटा असतो. गोळा सुटताना थोडा वायू त्या फुगवट्यात शिरून साठतो. गोळा बाहेर पडला की तो साठलेला वायू जोराने पुढच्या दिशेने सुटतो आणि नळीतला धूर आपल्याबरोबर ओढून बाहेर नेतो. नाहीतर मागचं झाकण उघडल्यावर सगळा धूर जवानांच्या नाकातोंडात गेला असता. उरलेल्या नळीवर पातळ पत्र्याचं आवरण असतं, जागोजागी पट्ट्यांनी आवळलेलं. ते कशासाठी? भर उन्हात नळीची वरची बाजू तापते, खालची सावलीत राहते. तापलेलं पोलाद थोडं प्रसरण पावतं आणि नळी अगदी किंचित वाकते. एवढंसं वाकणं दोन किलोमीटरवरचा नेम चुकवायला पुरतं! आवरणामुळे ऊन थेट लागत नाही आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते. किटमधल्या नळीवर दिसणाऱ्या त्या बारीक कड्या म्हणजे या आवरणाचे पट्टे. पॉलिश पेपरने रेघ घालवताना त्या कड्या घासून जाणार नाहीत याची काळजी का घ्यायची, ते आता कळलं ना?

इथे जाडीचा प्रश्न येतो. चिखल अडवणाऱ्या पत्र्याची जाडी खऱ्या गाडीवर दोन-तीन मिलिमीटर असते. मॉडेलमध्ये तोच पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिकचा केला, तर ३५ ने गुणून पाहा. साडेसतरा मिलिमीटर! पत्रा कसला, फळीच झाली ती. म्हणून अशा भागांसाठी पितळेचा अतिशय पातळ पत्रा वापरतात. त्यावर प्रकाशाच्या मदतीने नक्षी उमटवतात आणि नको असलेलं पितळ रसायनाने खाऊन टाकतात. याला फोटो-एच म्हणतात. इंजिनावरची जाळी अशी केली की तिच्यातून खरंच आरपार दिसतं.

कापडाचं तर विचारूच नका. टरेटवर घडी करून ठेवलेली ताडपत्री दाखवायची आहे. खरं कापड वापरलं की ते ताठ उभं राहतं आणि फळकुटासारखं दिसतं. खऱ्या ताडपत्रीची जाडी एक मिलिमीटर धरली, तर मॉडेलवर ती हवी ०.०३ मिलिमीटर. एवढं पातळ कापड आणायचं कुठून? उपाय साध्यासुध्या टिश्यू पेपरमध्ये आहे. त्याचा एक पदर सोडवायचा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवायचा, गाडीवर अंथरून चिमट्याने सुरकुत्या पाडायच्या आणि वाळू द्यायचा. रंगवल्यावर कुणाची छाती होणार नाही तो कागद आहे म्हणायची.

मग येतो रंग. रंगाचा थर ०.०३ मिलिमीटर जाड झाला, तर तो मोजमापात जवळपास एक मिलिमीटरचा लेप झाला. बोल्टांची डोकी त्याखाली गाडली जातात. म्हणून पातळ रंगाचे अनेक थर, शक्यतो एअरब्रशने. एअरब्रशमध्ये वेगाने जाणारी हवा रंग आपल्याकडे खेचते आणि त्याचे इतके बारीक कण करते की ते धुक्यासारखे बसतात.

खऱ्या गाडीवर बाहेरचं ऊन वरून पडतं, खोबणींत काळोख साठतो. घरात मात्र प्रकाश भिंतीवरून, छतावरून, खिडकीतून, चारी बाजूंनी येतो आणि त्या सावल्या पुसट होतात. म्हणून मॉडेलवाले सावल्या रंगवतात! गडद तेलरंग खूप पातळ करून बोल्टाच्या मुळाशी टेकवायचा. पुन्हा तेच केशाकर्षण. रंग बोल्टाभोवती स्वतःच धावत जाऊन बसतो. याला वॉश म्हणतात. काही जण या सावल्या फार गडद करतात, इतक्या की गाडी चित्रकथेतली वाटायला लागते. मला ते आवडत नाही. टेबलावरचं मॉडेल आपण ३० सेंटीमीटरवरून बघतो, म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघण्यासारखंच. तेवढ्या अंतरावरून जेवढं दिसेल तेवढंच रंगवावं.

खरवडलेल्या रंगासाठी तर एक भन्नाट प्रयोग आहे. आधी गंजाचा तपकिरी रंग लावायचा. तो वाळला की त्यावर केसांना मारायचा हेअरस्प्रे मारायचा. वर लष्करी हिरवा रंग. तो वाळला की ओल्या ब्रशने हळूच घासायचं. पाणी वरच्या रंगातून झिरपून हेअरस्प्रे विरघळवतं आणि हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटतात. खालून गंज डोकावतो. पण कुठे घासायचं? जिथे जवानांचे बूट रोज पडतात तिथे, झाकणाच्या कडेला, हाताने धरायच्या कड्यांवर. टरेटच्या मधोमध गंज कशाला येईल? आणि इंजिनाच्या धुराची काजळी फक्त डाव्या बाजूला मागे द्यायची, कारण टी-७२ चं धुराचं तोंड तिथेच आहे. डिझेलचे ओघळ पिंपांच्या झाकणाखाली आणि तेही सरळ खाली उतरणारे.

आता धूळ. रस्त्यावरच्या धुळीचा ०.०५ मिलिमीटरचा कण मॉडेलवर टाकला, तर ३५ ने गुणून तो पावणेदोन मिलिमीटरचा खडा ठरतो. अंगणातली माती म्हणूनच चालत नाही. त्याऐवजी अतिशय बारीक दळलेली रंगद्रव्याची पूड वापरतात. आणि पाण्याचा थेंब? दोन मिलिमीटरचा थेंब या रणगाड्यावर सात सेंटीमीटरचा दिसेल! पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, पृष्ठताण म्हणतात तो हाच, आणि त्यामुळे थेंबाला आपल्या रणगाड्याच्या मापाची पर्वा नसते. ओली गाडी दाखवायची तर पाणी नको, चकचकीत व्हार्निश हवं.

हे सगळं करायचं तर खऱ्या गाड्या नीट पाहायला हव्यात. महाराष्ट्रात यासाठी एक फार उत्तम जागा आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये सुरू झालं. देशोदेशींचे जवळपास पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे झाडांखाली उभ्या आहेत. आवडीला बनलेला आपला विजयंता आहे, १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आहे. पॅटनच्या ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा जवळून निरखा आणि वेल्डिंगच्या रेघा शोधा. चाकांवरचं रबर कडेला कसं फाटतं, पाऊस पडून गेल्यावर ओघळ कुठून उतरतात, ते वहीत काढून घ्या. माहितीफलक वाचून पुढे जाणाऱ्यांपेक्षा तुम्हाला तिथे दुप्पट वेळ लागेल. लागू दे.

जिथे गाडी प्रत्यक्ष पाहता येत नाही तिथे फोटो. तेही डोळस नजरेने. रशियाच्या टी-९० रणगाड्याच्या फोटोंत तोफेच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे लाल डोळे दिसतात. क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या यंत्रणेचे ते दिवे. आपल्या लष्कराने घेतलेल्या टी-९० 'भीष्म' वर ते नाहीत. किटमध्ये लाल डोळे दिले म्हणून 'भीष्म'वर ते लावून मोकळं झालं, की जाणकार लगेच ओळखतो.

सगळ्यात शेवटी अँटेना. तिच्यासाठी तो जपून ठेवलेला स्प्रू घ्या. मोठ्या माणसाला मेणबत्ती पेटवायला सांगा आणि स्प्रूचा मधला भाग ज्योतीच्या बराच वर धरून गोल गोल फिरवा. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ होतं. तो भाग लकाकायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्या आणि दोन्ही टोकं ओढा. चिक्कीच्या पाकाची तार निघते तशी बारीक तार निघेल. सावकाश ओढलंत तर जाड, झटकन ओढलंत तर केसासारखी. केस म्हणजे साधारण ०.०७ मिलिमीटर, ३५ ने गुणून अडीच मिलिमीटर. अँटेनाच्या टोकाला तेवढी जाडी चालते. तार सरळ धरून क्षणभर थंड होऊ द्या, हवी तेवढी कापा आणि टरेटवरच्या बुंध्यात एका थेंबाने चिकटवा. मॉडेल उचलताना पहिल्यांदा तीच तुटते, म्हणून ती शेवटी लावायची. तुटली तर घाबरू नका, स्प्रू अजून पुष्कळ उरलेला असतो.